वेल्ह्याची गाडी आधी

पुण्यात एमसीएला प्रवेश मिळाला त्यानंतरच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. नेटवर्कच्या तासाला मॅडमनी विचारलं, "लाइन एकच आहे आणि तिच्यावरून सगळ्यांनाच जायचंय. मग आधी कोणाला सोडायचं, हे कशावरून ठरवाल?" वर्गात कोणी हात वर केला नाही. मी सहसा बोलत नाही. माझं इंग्रजी अडखळतं, आणि मराठी बोलायला गेले तर घरची भाषा बाहेर येते. पण त्या दिवशी उत्तर इतकं ओळखीचं होतं की तोंडून निघूनच गेलं, "ज्याची गाडी आधी, त्याला आधी. म्हणजे वेल्ह्याची आधी."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण मग थांबून म्हणाल्या, "कोणी शिकवलं गं हे?"

"आमच्या कॉलेजातल्या कंट्रोलर काकांनी," मी म्हणाले. त्यावर वर्ग आणखी हसला, म्हणून पुढचं सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. काही मागेपुढे झालं तर समजून घ्यावं.

कंट्रोलर काका म्हणजे रज्जाक मुलाणी. भोरच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कधी सुटली, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. मी अकरावीपासून रोज मार्गासनीहून भोरला येत होते. त्यामुळे त्यांचा चेहरा मी खूप नंतर पाहिला, आवाज मात्र आधीपासून घरचा होता. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" असं ते म्हणाले की शेंगदाणे विकणारासुद्धा मान वर करायचा.

ते आमच्या कॉलेजात आले ते एका चुकीमुळे. कॉलेजला ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. प्रयोगशाळेत सोळा मशीन आणि लाइन एक. ती सोळा जणांत वाटायला कोपऱ्यात एक जुनं मशीन ठेवलं होतं आणि त्यात एक सॉफ्टवेअर घातलं होतं. कोणत्या मशीनला, कोणत्या कामाला, किती वाजता किती लाइन द्यायची, याचे नियम त्यात एकाखाली एक लिहायचे. सॉफ्टवेअरबरोबर एक इंग्रजी पत्र आलं होतं, की 'ट्रॅफिक पॉलिसी' सांभाळायला कॉलेजने एक जबाबदार माणूस नेमावा. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, त्याचं मराठी केलं, "वाहतूक धोरणासाठी अनुभवी व्यक्ती." कॉलेजच्या फाटकासमोर तेव्हा रोज सकाळी टेम्पो, एसटी आणि मोटरसायकलींची कोंडी व्हायची. सगळ्यांना वाटलं, पत्र त्याचंच आहे. मुलाणी काका नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्याहून अनुभवी माणूस भोरमध्ये कुठून आणणार?

पहिल्या दिवशी ते खाकी पँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी घालून आले. त्यांना फाटकावर न नेता प्रयोगशाळेत आणलं, तेव्हा ते जरा बुचकळ्यात पडले. आम्हाला कॉम्प्युटर शिकवणारे देशमाने सर तिथे होते.

"गाड्या कुठं हायत?" काकांनी विचारलं.

"गाड्या नाहीत काका. ही माहितीची वाहतूक आहे."

"माहिती कुठनं कुठं जाती?"

"इथून पुण्याला. तिथून पुढे जगात कुठेही."

काकांनी थोडा विचार केला. "पुढचं पुढं बगू. पुण्यापातूर येतंय मला." शिट्टी काढून खिशात ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

सर दोन दिवसांत त्यांना परत पाठवणार होते. पण सरांवर आधीच तीन वर्गांचे तास होते आणि त्या नियमांच्या पानांना ते कंटाळले होते. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. तोवर काकांनी सॉफ्टवेअरची भाषा आपल्या भाषेत करून घेतली होती.

मशीनवरच्या प्रत्येक सेवेला एक नंबर असतो, ईमेलला पंचवीस, वेबपानांना ऐंशी. तो त्यांच्या लेखी फलाट. "टपालगाडी पंचवीस नंबरला लागती, बाकी पब्लिक ऐंशीला," असं ते आम्हाला समजावून सांगायचे. आमच्या परीक्षेत हाच प्रश्न आला, तेव्हा अख्ख्या वर्गाने उत्तर बरोबर लिहिलं. एकाने 'फलाट' असंच लिहिलं, त्याचा अर्धा गुण गेला. नियमांना नावं द्यावी लागत. ती काका इंग्रजी अक्षरांत पण मराठी देत, एकेक कळ शोधून. GANI NANTAR. TAPAL AADHI. BAKI SAGLE. प्रत्येक बदल एका जाड वहीत लिहायचे, किती वाजता केला, का केला, खाली सही. चूक असेल तर लाल पेनाने.

मुलांची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. गाव विचारायचे आणि तेच नाव व्हायचं. मी 'मार्गासनी'. धरणाजवळून येणारी माझी मैत्रीण 'भाटघर'. दिवसभर इंटरनेटवरून गाणी उतरवून घेणारा एक मुलगा होता, तो 'भोंगवली'. आणि कोर्टाजवळ राहणारा, घर कॉलेजपासून पाच मिनिटांवर असलेला एक हुशार मुलगा होता, तो 'भोर शहर'. "भोर शहर, मागं सरक. भाटघर, तू ये पुढं." नवीन कोणी ऐकलं तर त्याला वाटायचं, नकाशाच हलतो आहे.

सॉफ्टवेअरमध्ये नियमांची दोन पानं होती, एक बंदीचं आणि एक वाटपाचं. बंदीच्या पानावर काकांचं आणि सरांचं एकदा भांडणच झालं. जे नको ते अडवायला तिथे दोन शब्द होते, ड्रॉप आणि रिजेक्ट. सरांनी सगळीकडे ड्रॉप निवडलं होतं.

"ड्रॉप म्हंजे काय?" काकांनी विचारलं.

"गुपचूप टाकून द्यायचं. समोरच्याला काही कळवायचं नाही. तो वाट बघत बसतो आणि कंटाळून जातो."

"आन् रिजेक्ट?"

"त्यात नाही म्हणून कळवतात."

काका उभेच राहिले. "सर, म्या एकतीस वर्षं स्टँडवर काडली. गाडी येणार न्हाई म्हनून सांगितलं की मानूस दोन शिव्या देतो आन् घरला जातो. सांगितलंच न्हाई तर तो पोरंबाळं घिऊन दोन तास उन्हात उबा ऱ्हातो. हे ड्रॉप आपल्याला न्हाई जमायचं."

"काका, ती माणसं नाहीत. पॅकेट आहेत, माहितीचे तुकडे."

"पॅकेटामागं मानूस हाय का न्हाई?"

सरांनी हात जोडले. त्या दिवशी काकांनी एकेक ओळ उघडून सगळे ड्रॉप बदलून रिजेक्ट केले. तेव्हापासून बंद असलेलं पान आमच्याकडे गोल गोल फिरत बसत नसे. लगेच "नाही" म्हणून यायचं, आणि भोंगवली लगेच दुसरं गाणं शोधायचा.

आता वेल्ह्याचं सांगते. भोरहून वेल्ह्याला, म्हणजे आमच्या बाजूला, जाणारी शेवटची एसटी साडेचारला सुटायची. तिच्यानंतर काही नाही. प्रात्यक्षिक तीनला सुरू व्हायचं, सोळाही मशीन एकदम चालू आणि लाइन रांगायला लागलेली. एकदा एक पान उघडायच्या नादात माझी गाडी चुकली. मला स्टँडवर एकटीला बसलेलं काकांनी घरी जाताना पाहिलं. भोरमधल्याच माझ्या मावशीकडे पोचवलं आणि वाटेत एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटरपायी गाडी चुकली? ही चूक गाडीची न्हाई, लाइनची हाय."

दुसऱ्या दिवशी वाटपाच्या पानावर नवा नियम आला, VELHE JALAD. दाराजवळची चार मशीन वेल्ह्याच्या बाजूच्या मुलांना, आणि दुपारी तीन ते सव्वाचार त्यांना लाइन आधी. बरोबर तीन वाजता काका खुर्चीतून उठायचे, माइक नसला तरी मूठ तोंडाजवळ धरायचे आणि म्हणायचे, "लक्ष द्यावे! कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर मार्गे वेल्ह्याला जाणारी लाइन मशीन एक ते चारवर लागलेली आहे. इतरांनी सहकार्य करावे!" आम्ही हसत हसत बसायचो, आणि खरंच आमची पानं भराभर उघडायची. त्यानंतर माझी गाडी एकदाही चुकली नाही.

भोर शहरला हे पटलं नाही. त्याचंही काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. फी सगळ्यांची सारखीच होती. त्याने नव्या प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली, की प्रयोगशाळेत पक्षपात होतो. ती नेमकी कोणत्या आठवड्यात केली हे सांगायला हवं. त्याच आठवड्यात एमसीएच्या प्रवेशाचे पसंतीक्रम कॉम्प्युटरवर भरायचे होते, आणि शुक्रवारी पाचला ते बंद होणार होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील म्हणाले होते, "हॉस्टेलवालं कॉलेज मिळालं तर जा. रोजचं पुणं काय जमायचं न्हाई." हॉस्टेल असलेली कॉलेजं कोणती, ती बघून क्रमाने भरायची आणि शेवटचं बटण दाबायचं, एवढंच काम होतं. पण सोमवारपासून ते पान अर्धं उघडून थांबत होतं. सगळ्या जिल्ह्याची मुलं त्यावर बसली असणार. आता वेल्ह्याचा नियम गेला, तर साडेचारच्या आत माझं काम होणार नव्हतं.

गुरुवारी प्राचार्य प्रयोगशाळेत आले. भाऊसाहेबही आले, ते पत्र फाइलला लावून.

"मुलाणी, हा नियम कोणाला विचारून केलात?"

"वेळापत्रकाला, सर."

"म्हणजे?"

"साडेचारनंतर वेल्ह्याला गाडी न्हाई. भोर शहर चालत घरी जातो. त्येची गाडी कवा चुकती?"

प्राचार्यांनी फाइल चाळली. भाऊसाहेबांनी खाकरून घेतलं. "तुमची नेमणूकच गैरसमजातून झालेली दिसते," प्राचार्य म्हणाले. आवाज कठोर नव्हता, पण हसराही नव्हता. "आकडे बघू. पक्षपात झाला असेल तर उद्यापासून हे काम देशमाने सरांकडे, आणि सगळ्यांना सारखी लाइन."

मी दोन नंबरच्या मशीनवर बसले होते. पक्षपात झाला होता, हे आम्हा चौघांहून जास्त कोणाला माहीत होतं?

सरांनी आणखी एक पान उघडलं. ते काकांनी कधी उघडलंच नव्हतं, कारण त्यात सगळं इंग्रजी आणि नुसते आकडे होते. वाटपाचं पान शेवटचं बदलल्यापासून कोणत्या नियमाने किती पॅकेट सोडली, ते त्यात येतं. सर वाचायला लागले आणि मधेच थांबले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"BAKI SAGLE, कोट्यवधी. GANI NANTAR, शून्य. VELHE JALAD..." सर काकांकडे वळले. "शून्य."

"शून्य?" काका म्हणाले. "म्हंजे गाडी रिकामी गेली?"

"गेलीच नाही काका. दोन महिन्यांत एकदाही सुटली नाही."

झालं होतं असं. वाटपाचे नियम सॉफ्टवेअर वरून खाली वाचत जातं, आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतं. खालचे बघतसुद्धा नाही. पण वेल्ह्याचा नियम घालताना काकांनी सगळं पान स्टँडवरच्या फळ्यासारखं नीट लावलं होतं, पहाटेची गाडी वर, संध्याकाळची खाली. BAKI SAGLE हा नियम चोवीस तासांचा. त्याची वेळ रात्री बारापासून सुरू, म्हणून तो सगळ्यांत वर. तो सगळ्यांनाच लागू पडत होता. बाकीच्या नियमांपर्यंत काही पोचलंच नव्हतं.

"मग सर, तीन वाजता माझी लाइन का थांबायची?" भोर शहर उसळून म्हणाला.

"तुझी लाइन कोणीच थांबवली नाही. आकडे समोर आहेत."

"अहो, पण थांबायची!"

मागून भोंगवली खिदळायला लागला. "आरं, काका वरडले की तूच माऊसवरचा हात काडायचास की! म्या बी काडायचो. गाणं उतरत असलं तरी बंद करायचो. ल्हानपणापास्नं ऐकलंय, ह्यो आवाज आला की बाजूला व्हायचं."

भोर शहर काही बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं असावं. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "हो," तो हळूच म्हणाला. "काढायचो मी हात."

आधी भाऊसाहेब हसले, मग सर. प्राचार्य बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

काका तेवढे हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. पक्षपाताचा आरोप झाला तेव्हा ते ताठ उभे होते, पण त्या शून्यापुढे खाली बसले. वही ओढली, लाल पेन काढलं आणि लिहिता लिहिता वाचलं, "वेल्हे गाडी दोन महिने सुटली नाही. चूक कंट्रोलरची." खाली सही केली. मग म्हणाले, "सर, काम काडा माज्याकडनं. सुटली म्हनून सांगत ऱ्हायलो, आन् सुटलीच न्हवती. ड्रॉपपरीस वाईट झालं ह्ये."

"कसं काढू?" प्राचार्य वळून म्हणाले. "पक्षपात झाला असेल तर काढणार होतो. तुम्ही तर नुसते ओरडलात. ओरडण्याविरुद्ध आमच्याकडे नियम नाही." मग ते भोर शहरकडे वळले. "उद्या शेवटचा दिवस आहे. वेल्ह्याचा नियम खरोखरचा वर घेऊ, सव्वाचारपर्यंत. त्यानंतर तुम्ही शहरातले. चालेल?"

"चालेल सर," तो म्हणाला. त्यालाही फॉर्म भरायचा होता.

शुक्रवारी सरांनी काकांना नियम उचलून वर ठेवायला शिकवलं. काकांनी तो स्वतःच्या हाताने वर नेला आणि तीनदा वाचून घेतला. तीन वाजता ते उठले.

"काका, आता ओरडायची गरज नाही," सर म्हणाले. "सॉफ्टवेअर करेल."

"कालपातूर मलाबी तसंच वाटत व्हतं," काका म्हणाले, आणि मूठ तोंडाजवळ नेली. "लक्ष द्यावे!"

सोळातल्या बारा मशीनवरचे हात उचलले गेले. काही जण मुद्दामच दोन्ही हात वर करून बसले होते, भोर शहरसुद्धा.

माझं पान उघडलं. पहिल्यांदाच पूर्ण उघडलं. काका आकड्यांच्या पानासमोर बसले होते, आणि ते शून्य हललं तसे मोठ्याने वाचायला लागले. "चाळीस... साडेतीनशे... हजार! भरली गं मार्गासनी, भरली तुजी गाडी!" मी हॉस्टेलवाली कॉलेजं एकेक करून वर घेत होते आणि हसू येत होतं, त्यामुळे एक कॉलेज दोनदा निवडलं गेलं. ते काढलं. चारला दहा कमी असताना शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर माझं नाव आणि अर्जाचा नंबर आला. आमच्या घरातलं एक नाव पुण्यापर्यंत गेलं आणि परत येऊन तिथे थांबलं, असं काहीतरी मला वाटलं. नीट सांगता येत नाही.

"आता पळ," काका म्हणाले. "ती दुसरी गाडी माज्या हातात न्हाई."

मी जिना उतरत होते तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "भोंगवली, आटप! सव्वाचारला भोर शहर लागनार हाय!"

मला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. हॉस्टेल आहे. भोर शहर आमच्याच वर्गात आहे, आणि मॅडमच्या तासाला सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "मी सांगणार होतो, पण तू आधी बोललीस. वेल्ह्याची आधी ना."

दिवाळीच्या सुट्टीत मार्कशीट आणायला भोरला गेले होते. कॉलेजात काका भेटले नाहीत. आता ते आठवड्यातून तीनच दिवस येतात असं सरांनी सांगितलं. साडेचारच्या गाडीत मला खिडकी मिळाली. स्टँडच्या फाटकापाशी आमची गाडी आणि पुण्याची विनाथांबा एकदमच आल्या, आणि फाटकातून एका वेळी एकच निघते. दोन्ही चालक हॉर्न वाजवत होते. काचेच्या खोलीतले नवे कंट्रोलर फोनवर होते.

फाटकाशी काका उभे होते. हातात भाजीची पिशवी, त्यातून मेथी डोकावत होती. त्यांनी मनगटावर पाहिलं, पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुण्याच्या गाडीपुढे आडवा धरला.

त्या गाडीचा तरुण चालक खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ चाचा, विनाथांबा हाय!"

"तुज्यामागं आनखी धा हायत," काका म्हणाले. "हिच्यामागं एक बी न्हाई."

मग त्यांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली. पुण्याची गाडी खरोखर थांबली. आमची हळूहळू त्यांच्या शेजारून बाहेर निघाली. मी खिडकीतून हाक मारली, "काका! काका, मी मार्गासनी!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वर, गाडीच्या पाटीकडे बघत होते, आणि शिट्टी बाजूला करून त्यांचे ओठ हलत होते, कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे. सगळी गावं म्हणून झाल्यावर त्यांनी आडवा हात खाली घेतला आणि पुण्याच्या गाडीला वाट दिली.